मदत हवी आहे : पडद्याआडचा फासा खेळाडूने पाहिला

आम्ही पाच जण शनिवारी रात्री 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांवर गोष्ट रंगवायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि शत्रूंचे फासे पडद्याआड टाकणारा, मी. गेल्या खेपेला पहिल्या लेव्हलच्या जादूगारावर ओगर (दांडगा राक्षस) धावून गेला. पडद्यामागे वीसपैलू फासा टाकला, तर चक्क २०! म्हणजे क्रिटिकल, जबर घाव : नुकसानाचे दोनाऐवजी चार आठपैलू फासे, वर ४. जादूगाराचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, जेमतेम ७. ते संपून उरलेलं नुकसानही ७ किंवा जास्त असलं की नियमाने जागीच मरण, डेथ सेव्ह (वाचण्यासाठी टाकायचे फासे) सुद्धा नाहीत. जादूगार खेळणारी पोरगी तीन आठवडे त्या पात्राची वही रंगवत होती हो! मी म्हटलं, "हुकला."

नेमका तेव्हाच एक जण चिवड्याची वाटी घ्यायला माझ्या मागून गेला. बोलला काहीच नाही. पण आता मी "लागला" म्हटलं की तो पडद्याकडे बघून हसतो, आणि ते मला लागतं.

यापुढे फासे उघड्यावर टाकावेत म्हणतोय. फक्त लपलेल्या शत्रूचा फासा उघडा पडला तर गंमतच जाते. झालेलं सगळ्यांसमोर कबूल करू, की त्याच्याशीच बोलू? जादूगारवालीला तिचं वाचणं फुकटचं वाटेल, ही खरी भीती. मधेच पद्धत बदललेलं कोणी आहे का? खेळाडूंनीही सांगा, तुम्हाला काय चाललं असतं?