मोत्याचं 'पाणी' म्हणजे चमकच ना? मग पाणी का म्हणतात?

पंचवटीकर_मृ: बहिणीच्या लग्नासाठी नथ बघायला सराफ बाजारात गेलो होतो, तिथले काका प्रत्येक मोत्याला 'याचं पाणी बघा' म्हणत होते आणि आई पण मान डोलवत होती. चमक म्हणायचंय एवढं कळलं, पण चकाकी, झळाळी, तकाकी असे इतके शब्द असताना पाणी का? आणि विळ्याला पाणी देतात, दागिन्यावर सोन्याचं पाणी चढवतात, ते पण हेच का?

जुनी_बखर: फारसीत आब म्हणजे पाणी आणि आब म्हणजेच चमक, तेज. मोती, हिरा, तलवार सगळ्यांना आब असतो. आपण 'आब राखून वागतो' तो हाच, आणि अब्रू म्हणजे आब अधिक रू, रू म्हणजे चेहरा, थोडक्यात चेहऱ्याचं तेज. पाणीदार डोळे पण त्याच घरातले. मला तर झळाळीपेक्षा हा शब्द कितीतरी आवडतो, झळाळी वरवरची वाटते, पाणी आतून येतं. सोन्याचं पाणी मात्र नुसता मुलामा, वरचा पातळ थर.

सातपूर_वर्कशॉप: विळ्याचं पाणी खरंखुरं पाणी आहे दादा. लोहार पातं लालबुंद तापवतो आणि धारेची बाजू पाण्यात बुडवतो, चर्र आवाज येतो, त्याने पोलाद कडक होतं. जास्त कडक झालं तर धार तुकडे पडून जाते म्हणून परत थोडी ऊब देतात. नंतर कोणी ते पातं विस्तवात टाकलं की पाणी उतरलं, मग कितीही घासा, धार टिकत नाही. 'त्याचं पाणी जोखलं' म्हणतो ना आपण, ते मला तरी इथलंच वाटतं.

नथवाली_ताई: मोती घेताना दिव्याखाली धर आणि मोत्यात दिव्याचं प्रतिबिंब बघ. कडा रेखीव दिसल्या तर पाणी चांगलं, धुरकट दिसल्या तर सोडून दे. मोत्यात पातळ थरावर थर असतात आणि उजेड त्या थरांवरून परततो म्हणून ते तेज आतून आल्यासारखं वाटतं. बहिणीला सांग, अत्तर आधी लाव, नथ शेवटी घाल, आणि काढली की मऊ कापडाने पूस, घामाने आणि अत्तराने मोत्याचं पाणी जातं.

पंचवटीकर_मृ: भारीच, थँक्यू सगळ्यांना. मग 'तोंडचं पाणी पळालं' पण यातलंच का?

जुनी_बखर: नाही रे, ते भीतीने तोंड कोरडं पडणं, लाळेचं पाणी ते.

निफाड_बागायतदार: आमच्याकडे पाणी उतरलं म्हटलं की लोक खूश होतात बरं का! द्राक्षाचा कडक हिरवा मणी मऊ पडतो, उजेडाला धरला तर आरपार झाक मारायला लागतो, म्हणजे मण्यात पाणी उतरलं, आता साखर भरणार. आणि मण्यावर जी पांढरट भुकटी दिसते ती पुसून चकाचक करू नका, ते त्याचं नैसर्गिक मेण आहे, त्यानेच माल टिकतो.