मदत हवी आहे: टेबल सॉचं ब्लेड वर येईना

प्लायवाला_सांगली
टेबल सॉचं (टेबलातून ब्लेड वर येतं त्या करवतीचं) ब्लेड खाली जातं, वर येत नाही. उंचीचं चाक फिरवलं की एका जागी येऊन थटतं, पुढं हालतच नाही. डब्ल्यूडी-४० मारून झालं, काही फरक नाही. उद्या संध्याकाळी किचनचा माल द्यायचाय, १८ मिमी प्लायची १४ शटर (कपाटाची दारं) कापायची राहिलीत. सर्व्हिसवाले आठवडा लागेल म्हणतात. ज्यांना माहिती आहे त्यांनी लवकर सांगा.

कुपवाड_फिटर
मशीन कसलं आहे ते लिहा की. कास्टिंगचं (ओतीव लोखंडाचं) मोठं का उचलून नेता येणारं? ब्लेड किती इंची? आणि टेबलाच्या वर किती मिमीला थटतंय? पट्टी लावून आकडा द्या. तोवर प्लग काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून हात आत घालू नका.

मिरजकर_अण्णा
एवढं विचारायला कशाला पाहिजे? गिअर कोरडे पडलेत. चांगलं लाल ग्रीस भरा, चाक दहा वेळा खालीवर करा, सुटतंय. लोखंडावर लोखंड घासतंय म्हटल्यावर ग्रीस लागणारच.

सागवान_७
शटर प्लायची आहेत तर ब्लेड किती दातांचं आहे? १० इंचीला ४० दात असतील तर खालच्या बाजूनं कपच्या उडणार. ८० दातांचं घ्या, कडा स्वच्छ येते.

प्लायवाला_सांगली
दातांचं विचारलं नाही दादा, ब्लेड वरच येईना. १० इंची आहे, पोर्टेबल, ॲल्युमिनियमचं टेबल.

अजिंक्यतारा
या मशीनना आत वर्म आणि सेक्टर गिअर असतो. चाकाच्या दांड्यावर वर्म, म्हणजे स्क्रूसारखा आटेदार गिअर, आणि पंख्याच्या तुकड्यासारखा दातेरी सेक्टर मोटर धरणाऱ्या पाळण्याला. सेक्टरच्या दातांच्या बुडाशी भुसा दाबून बसतो आणि वर्म त्यावर चढतो. पितळी तारेच्या ब्रशनं एकेक दात साफ करा. काही मशीनला वर्मची जवळीक बदलायला एक्सेंट्रिक बुश (भोक मध्यापासून सरकलेला) असतो, तो फार आवळलेला असला तरी चाक जड होतं. चाकाच्या मधोमध लॉकची मूठ असेल तर ती ढिली आहे का तेही बघा.

कुपवाड_फिटर
साहेब, तुम्ही सांगताय ते कास्टिंगच्या मोठ्या मशीनचं. यांचं पोर्टेबल आहे. त्यात बहुतेक ठिकाणी चाकाच्या टोकाला बेवल गिअरची (काटकोनात फिरवणाऱ्या गिअरची) जोडी, त्यातून एक उभा आटेदार स्क्रू, आणि मोटरचा पाळणा नटमधून त्या स्क्रूवर चढतो. बाजूला गाईडचे दांडे. म्हणजे भुसा अडकायच्या जागा तीन: बेवलचे दात, स्क्रूचे आटे, गाईड.

प्लायवाले, आकडा अजून दिला नाही. तो का मागतोय ते सांगतो. चाक मोकळं गरगर फिरून ब्लेड जागेवर राहत असेल तर गिअरची स्प्रिंग पिन तुटली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच जड असेल तर चिकटा किंवा गंज. आणि हलकं फिरत येऊन दर वेळी त्याच मिमीला टणकन थांबत असेल तर वाटेत काहीतरी आडवं आहे. तिन्हींचं औषध वेगळं.

कृष्णाकाठ
सेकंडहँड घेतलंय का? आपल्याकडं २०१९ च्या ऑगस्टच्या आणि २०२१ च्या जुलैच्या पुरात बुडालेली मशीन धुऊन, रंग मारून विकली गेली असतील तर वरून कळत नाही. टेबल उलटं करून गाईडच्या कोपऱ्यात नख घाला. पिवळसर वाळलेला गाळ निघाला तर मोटरचे बेअरिंगही बघून घ्या.

प्लायवाला_सांगली
नवीन घेतलंय, दोन वर्षं झाली. पूर वगैरे नाही. मोजलं, टेबलाच्या वर १२ मिमीला थांबतं. दर वेळी तिथंच. तिथपर्यंत जरा जड पण फिरतं. चाकाला पाईप लावून जोर देऊ का?

कुपवाड_फिटर
पाईप अजिबात लावू नका! बेवल गिअर बारीक असतात, दात गेला तर तो सुटा मिळेलच असं नाही. आधी बेवल टिल्टचा, म्हणजे ब्लेड तिरपं करायचा लिव्हर बघा, नीट ९० ला आहे ना, अर्धवट आवळलेला तर नाही. काही मशीनमध्ये त्याच मुठीनं पाळणाही आवळला जातो.

गुण्या
उद्याचा माल द्यायचा असेल तर तोवर १२ मिमीवर दोन्ही बाजूंनी कापा. एकदा वरून, प्लाय उलटी करून पुन्हा. १८ मिमी निघतं.

सागवान_७
निघतं, पण तीच कड फेन्सला (माल टेकवून सरकवायच्या आडपट्टीला) लागली नाही तर मध्ये पायरी पडते. अर्ध्या मिमीची पायरीसुद्धा एज बँड (कडेची पट्टी) लावल्यावर उन्हात चमकते. शटरला हे चालायचं नाही. आतल्या कप्प्यांना चालेल.

अजिंक्यतारा
माझा गैरसमज झाला, पोर्टेबल वाचलं नाही. मग सरळ आहे: ब्लेड काढा आणि मशीन उलटं करा.

प्लायवाला_सांगली
ब्लेडच निघत नाही! नट आत खोल राहतो, पाना पोचतच नाही.

कुपवाड_फिटर
बरोबर आहे. १० इंची ब्लेडची त्रिज्या १२७ मिमी. वर १२ आलंय म्हणजे नट टेबलाखाली ११५ मिमीवर. तिथं पाना कसा पोचणार? खाली जातंय ना? मग ब्लेड पूर्ण खाली घ्या, टेबलाच्या आत जाऊ द्या. वर टोक राहिलं नाही की जाड प्लायवर किंवा गोधडीवर दोघांनी मिळून मशीन उलटं ठेवा. रायव्हिंग नाइफ (ब्लेडमागची पाती) आणि गार्ड आधी काढा. हातमोजे घाला, ब्लेड आतच आहे हे लक्षात ठेवा. उलटं केल्यावर बॅटरी लावून स्क्रू आणि गाईडच्या मधल्या फटीत बघा. फोटो टाका.

एक सांगा, हे मशीन घेतल्यापासून आत काही लावलंय का? ग्रीस, तेल?

प्लायवाला_सांगली
हो, महिन्यापूर्वी चाक जड झालं म्हणून ग्रीस भरलं होतं. त्याचा काय संबंध?

कुपवाड_फिटर
तोच तर संबंध. हे आधी लिहायला हवं होतं.

मिरजकर_अण्णा
ग्रीसला कशाला बोल लावता? लेथच्या स्क्रूला आपण तेल घालतो का नाही?

कुपवाड_फिटर
घालतो अण्णा, आणि लेथवर लोखंडाचा कीस पडतो, तो झटकला जातो. इथं लाकडाचं पीठ पडतं. पिठात ग्रीस मिसळलं की कणकेचा गोळा होतो, आणि नट वर जाताना तो गोळा पुढं ढकलत जाऊन वरच्या टोकाला ठासून भरतो. बंद गिअरबॉक्स असेल तर ग्रीस हवंच, तिथं तुमचं म्हणणं मान्य. उघड्या स्क्रूला नको.

मिरजकर_अण्णा
बंद आणि उघडं हा फरक पटला. पण मग कोरडा स्क्रू गंजणार नाही? पावसाळ्यात काय करायचं?

अजिंक्यतारा
कोरडं म्हणजे काहीच नाही असं नव्हे. कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे, नाहीतर कुलपाला घालतात ती ग्रॅफाइटची पूड, नाहीतर पेस्ट वॅक्सचा पातळ हात देऊन फडक्यानं पुसून घ्यायचा. मेणानं गंजही थांबतो. सिलिकॉन स्प्रे मात्र सुताराच्या शेडमध्ये आणूच नका. तो लाकडाला लागला की पीयू पॉलिश मारताना फिल्म फाटून बारीक खड्डे पडतात, घासलं तरी जात नाहीत. आणि डब्ल्यूडी-४० सफाईला ठीक, पण पुसून काढावं लागतं. तसंच ठेवलं तर त्यावरही भुसा बसतो.

कृष्णाकाठ
मोटर नुसती गुणगुणून सुरू होत नसेल तर कपॅसिटर बघा, पुष्कळदा तेच असतं.

प्लायवाला_सांगली
मोटर चांगली चालते हो.
उलटं केलं. ब्रशनं वरचा भुसा झाडला तर आत राखाडी लगदा बसलाय, वाळलेल्या शेणासारखा, नखानं खरवडला तर ढलपी निघते. स्क्रू आणि गाईडच्या दांड्याच्या मधे ४ मिमी प्लायची एक पट्टी उभी दिसतेय. हीच का?

कुपवाड_फिटर
हीच. वरचं टोक टेबलाच्या बरगडीला आणि खालचं पाळण्याच्या नटकडं आहे का?

प्लायवाला_सांगली
अगदी तसंच.

कुपवाड_फिटर
म्हणजे टेकू लागलाय. मोकळी असती तर ही काडी मोडली असती, पण दोन्ही बाजूंनी लगदा आवळून बसल्यामुळं तिला वाकायला जागा नाही. आता ओढाओढी करू नका, आधी बाजूचा लगदा काढा. जुना टूथब्रश आणि बांबूची टोकदार काडी घ्या, स्क्रू-ड्रायव्हरनं आटे खरवडू नका. फडक्याला रॉकेल किंवा डिझेल लावून आटे पुसा, ओतू नका, मोटरमध्ये जाता कामा नये. थिनर आणि पेट्रोल नको, प्लास्टिकचे भाग मऊ पडतात. आणि कंप्रेसरची हवा पहिल्यांदा मारू नका, ओला भुसा आणखी आत जातो. कोरडं झाल्यावर शेवटी मारा.

गुण्या
हवा मारताना नळी मोटरच्या जाळीकडून बाहेरच्या दिशेनं धरा. आणि डोळ्यांना चष्मा.

प्लायवाला_सांगली
पट्टी निघाली. मोजली, ६६ मिमी लांब. ब्लेड पूर्ण वर आलं!! तीन वेळा खालीवर केलं, अडत नाही. दीड तास गेला साफ करायला.

कुपवाड_फिटर
झालं तर. या मशीनचा कमाल काप बहुतेक ७९ मिमीचा असतो. १२ वर थांबलं म्हणजे ६७ बाकी राहिले, पट्टी ६६. जुळतंय. आता ब्लेडचा नट वर आलाय तर ब्लेड काढून मागचा भाग साफ करा. नट ब्लेड ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं सुटतो. मग मेणाचा हात द्या आणि मगच शटरला हात लावा.

गुण्या
कापायच्या आधी दोन गोष्टी तपासा, मशीन उलटंपालटं झालंय. ब्लेडला गुण्या लावा, दाताला नाही, पात्याच्या सपाट अंगाला. उजेड दिसायला नको. मग एका दाताला खूण करा, तो पुढं असताना टेबलावरच्या माईटरच्या (आडव्या कापाचा गेज सरकतो त्या) खाचेपासून अंतर घ्या, हातानं मागं फिरवून तोच दात पुन्हा मोजा. ०.१ मिमीच्या वर फरक असेल तर काप जळेल.

प्लायवाला_सांगली
गुण्या बरोबर बसला. खाचेचं अंतर दोन्हीकडं सारखं. पण ही पट्टी आत गेलीच कशी?

सागवान_७
बॅकची (कपाटाच्या पाठीची) ४ मिमी प्लाय कापताना ३ मिमीची किनार सुटते, ती ब्लेडच्या कडेनं, ब्लेडभोवतीच्या प्लेटच्या फटीतून आत पडते. फट किती आहे?

प्लायवाला_सांगली
एका बाजूला ५ मिमी.

सागवान_७
मग पडणारच. बारीक कापासाठी फट नसलेली प्लेट करून घ्या. मूळ प्लेटची बसण्याची जाडी व्हर्निअरनं मोजा, तेवढी ॲक्रिलिक किंवा प्लाय, वर टेबलाशी सपाट. आधी खालच्या अंगाला ब्लेडच्या रेषेत थोडी खाच मारा, नाहीतर ब्लेड पूर्ण खाली असतानाही प्लेटला टेकतं आणि चालू करताच उडवतं. मग फेन्स प्लेटच्या कडेवर सरकवून दाबून धरा, ब्लेडच्या रेषेवर नको, आणि चालू ब्लेड हळूहळू वर घ्या. रायव्हिंग नाइफची खाच मागं वेगळी काढा.

मिरजकर_अण्णा
माझ्याकडच्या मशीनलाही ग्रीस आहे. पुसायचं म्हणतोय. ग्रॅफाइट सांगलीत कुठं मिळेल?

अजिंक्यतारा
कुलपाची पूड मोठ्या हार्डवेअरवाल्याकडं विचारा. नाही मिळाली तर सध्या मेण लावा, पण ग्रीसचा थर पूर्ण काढल्यावरच.

प्लायवाला_सांगली
पाच शटर कापून झाली. बाकीची रात्री उरकतो. फिटर दादा, तुमचे खूप आभार.