'काउंट'ला स्पॅनिशमध्ये काय लिहायचं? सुताचा, चादरीचा आणि खोक्यातला

टॉवेलवाला:
नमस्कार मंडळी. सोलापुरातनं लिहितोय, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यात एक्स्पोर्टचे कागद बघतो. एका पार्टीनं स्पेक शीट, म्हणजे मालाच्या मापांचा तपशील असतो तो कागद, स्पॅनिशमध्ये मागितलीय. बाकी सगळं होत आलंय, गाडी अडलीय ती 'काउंट'पाशी. एकाच पानावर तीनदा आलाय आणि तिन्हीकडं अर्थ वेगळा. सुताचा काउंट 2/20, बेडशीटचा थ्रेड काउंट 200 आणि खाली काउंट पर कार्टन 48. मोबाइलवर टाकलं की तिन्हीला 'कोन्तेओ' येतंय. चालेल का?

स्पॅनिशवाली:
नाही चालणार. कोन्तेओ म्हणजे मोजणी, मोजायचं काम. खोक्यातल्या नगांना एकवेळ खपेल पण सुतासमोर 'मोजणी 20' लिहिलं तर वाचणाऱ्याला काय कळणार.
सुताच्या काउंटला तिकडं 'तीतुलो' म्हणतात. हाच शब्द पुस्तकाच्या नावाला, डिग्रीलाही चालतो, पण कापडवाल्यांच्यात 'तीतुलो देल इलो' म्हटलं की सुताचा नंबरच. चादरीच्या थ्रेड काउंटला सरळ 'नूमेरो दे इलोस', म्हणजे धाग्यांची संख्या. इलो म्हणजे धागा, स्पेलिंगात सुरुवातीला एच असतो तो लिहायचा पण म्हणायचा नाही. आणि खोक्याला 'उनिदादेस पोर काखा'. हो, काखाच, हसू नका, खोक्याला तसंच म्हणतात.
'क्वेन्ता'च्या नादी मात्र लागू नका. तो शब्द काउंटसारखा दिसतो म्हणून लोक हमखास तिथं जातात, पण त्याचा अर्थ खातं किंवा हॉटेलचं बिल, आणि माळेतल्या मण्यालाही क्वेन्ताच.

पूर्वभाग:
आणि 'कोंदे'? डिक्शनरीत काउंटपुढं ते पण दिसतंय.

स्पॅनिशवाली:
तो युरोपातला सरदार. टॉवेलवाल्यांच्या शीटवर '20 सरदार सूत' जाऊ देऊ नका म्हणजे झालं 😀

मागावरचा:
ताईंनी शब्द बरोबर दिलेत, पण नुसता शब्द बदलून भागत नाही, खरी मेख आकड्यात आहे. सुताचा काउंट ही मोजणी नाहीच मुळात, ते माप आहे. आपल्याकडं जो चालतो तो इंग्लिश कॉटन काउंट, एक पौंड सुतात 840 यार्डाच्या किती लडी बसतात तो आकडा. वीस काउंट म्हणजे एका पौंडात 16,800 यार्ड सूत. म्हणून आकडा वाढला की सूत बारीक, चाळीस काउंट विसापेक्षा बारीक. टेक्स म्हणून सुताचं दुसरं माप आहे, त्यात बरोब्बर उलटं, तिथं 1000 मीटर सुताचं वजन ग्रॅममध्ये धरतात, आकडा मोठा तितकं सूत जाड. आपलं वीस काउंट तिकडं साधारण 29.5 टेक्स होतं. तर तीतुलो लिहून पुढं नुसतं 20 टाकलं तर समोरचा विचारणारच की कुठल्या मापात. 'नूमेरो इंग्लेस' असं लिहा किंवा त्याची एनई ही खूण टाका, आणि जमलं तर शेजारी टेक्स पण द्या.

टॉवेलवाला:
दादा हे भारी सांगितलंत. म्हणजे 2/20 च्या पुढं एनई लावलं की झालं?

मागावरचा:
थांब थांब, तिथंच तर खरी गोची आहे. आपण 2/20 म्हणतो म्हणजे वीस काउंटचे दोन धागे एकत्र पिळलेले, मागावर कुणालाही विचार, 'दोन वीस' म्हटलं की दुसरा अर्थ निघतच नाही. पण पेरू, कोलंबियाकडची माणसं काउंट आधी लिहितात आणि धागे नंतर, त्यांचं 30/1 म्हणजे तीस काउंट एकेरी. त्या हिशोबानं तुझं 2/20 त्यांनी सरळ वाचलं तर दोन काउंटचे वीस धागे पिळलेले, म्हणजे टॉवेल नाही बे, नांगराचा दोर होईल तो. तू 20/2 लिही.

पूर्वभाग:
हे लै महत्त्वाचं. आमच्याकडं काउंट म्हणतात, वही-खात्यात नुसतं नंबर लिहितात, पुस्तकात सूतांक असतं. सूतांक लिहिणारा माणूस मी तरी आमच्या गल्लीत अजून बघितला नाही.

अनुवादक:
थोडं अवांतर. डेंगीच्या सीझनला आपल्याकडं घराघरात 'काउंट किती आला, काउंट पडलाय' चाललेलं असतं, तो प्लेटलेटचा काउंट स्पॅनिशमध्ये 'रेक्वेन्तो दे प्लाकेतास'. मतमोजणीलाही रेक्वेन्तोच. म्हणजे जिथं खरोखर एकेक करून मोजलंय तिथं रेक्वेन्तो शोभतो. आणि 'मी तुमच्यावर भरवसा ठेवून आहे' या अर्थाचं जे इंग्लिश काउंट ऑन, त्याला 'कोन्तार कोन', मूळ क्रियापद मोजण्याचंच पण पुढं 'वर' न येता 'सोबत' येतं. पार्टीला मेल लिहिताना उपयोगी पडेल.

टॉवेलवाला:
धन्यवाद. आता थ्रेड काउंटचं. 200 म्हणजे उभे-आडवे मिळून ना?

मागावरचा:
हो, एका चौरस इंचातले ताणा आणि बाणा मिळून. समजा इंचात ताणा 110 आणि बाणा 90 तर 200. काही लोक दोन पिळाचा धागा दोन मोजून आकडा फुगवतात, तुम्ही तसलं करू नका, तिकडचा माणूस भिंग लावून बसला की लगेच उघडं पडतं. आपलं ते घडीचं पिक ग्लास असतं बघा, पितळी फ्रेमचं, चौकोनी खिडकी एका इंचाची, खाली कापड ठेवायचं आणि सुईच्या टोकानं एकेक धागा मोजत जायचं.

स्पॅनिशवाली:
त्या पिक ग्लासचं स्पॅनिश नाव 'क्वेन्ताइलोस'. धागे मोजणारं, इतकं सरळ. वर मी क्वेन्तापासून लांब राहा म्हटलं तो क्वेन्ता इथं बरोब्बर बसलाय, कारण इथं तो 'मोजतो' असं क्रियापद आहे. ताण्याला 'उर्दिम्ब्रे', बाण्याला 'त्रामा', आणि गोष्टीच्या कथानकालाही त्रामाच म्हणतात बरं का.

पूर्वभाग:
एक शंका. टॉवेलला थ्रेड काउंट कशाला? टॉवेल तर वजनावर जातो.

मागावरचा:
बरोबर, टॉवेलला जीएसएम. थ्रेड काउंट बेडशीटपुरताच ठेवा. टॉवेलला 500 जीएसएम म्हणतो ते म्हणजे एका चौरस मीटरला 500 ग्रॅम.

स्पॅनिशवाली:
त्याला 'ग्रामाखे'. पार्टी कुठली आहे ते पण विचारून घ्या. टॉवेलच्या टेरीच्या, म्हणजे वर धाग्याचे फासे असलेल्या, कापडाला स्पेनमध्ये 'रिसो' म्हणतात, लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'फेल्पा'. आणि आकड्यातला स्वल्पविराम सांभाळा. 1,250 नग लिहिलंत तर स्पेनमध्ये तो स्वल्पविराम दशांशचिन्ह म्हणून वाचला जाईल, सव्वा नग! मेक्सिकोत दशांशाला आपल्यासारखंच टिंब चालतं. सगळ्यात सोपं म्हणजे हजाराला काही चिन्हच न देता 1250 लिहा.

टॉवेलवाला:
पार्टी मेक्सिकोची. मग असं करतोय: सुताला तीतुलो, 20/2 एनई, कंसात टेक्स. बेडशीटला नूमेरो दे इलोस 200. खोक्याला उनिदादेस पोर काखा 48. टॉवेलला ग्रामाखे. बघा जरा.

स्पॅनिशवाली:
टेक्स लिहिताना '29.5 टेक्स × 2' लिहा, नुसतं 29.5 लिहिलंत तर एकेरी सूत वाटेल. आणि तीतुलोच्या पहिल्या आय वर तिरकी रेघ द्यायला विसरू नका, जोर 'ती'वर आहे. एक्सेलची फाइल सीएसव्ही करून पाठवली की त्या रेघेच्या जागी भलतीच चिन्हं येतात कधी कधी, त्यामुळं शीट पीडीएफच पाठवा.