मदत हवी आहे: विंडोजसारखं दिसणारं लिनक्स, पण टचपॅडवर तीन बोटं चालायलाच हवीत

अनुवादिनी
विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, माझ्या लॅपटॉपवर ११ चढत नाही, म्हणून मिंट हे लिनक्स घातलं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, सगळं ओळखीचं. पण तीन बोटं सरकवून डेस्कटॉप बदलत नाही! एकावर मूळ पीडीएफ, दुसऱ्यावर अनुवाद, दिवसभर माझं इकडून तिकडे चालतं. सगळी सेटिंग्ज पालथी घातली. कुठलं लिनक्स घेऊ तेवढंच सांगा, सोमवारी काम द्यायचंय.

सातारकर
कुठलं मिंट? म्हणजे पडद्याचं रूप नि वागणं (डेस्कटॉप) कुठलं: सिनॅमन, माटे की एक्सएफसीई? रॅम किती?

घाटमाथा
ग्नोम घ्या, तोही असाच एक डेस्कटॉप. आवृत्ती ४० पासून, म्हणजे २०२१ पासून, तीन बोटं आडवी नेली की डेस्कटॉप बदलतो, वर नेली की सगळ्या खिडक्या समोर. पट्टी हवीच असेल तर डॅश टू पॅनल एक्स्टेन्शन टाका. चार दिवसांत पट्टीची आठवणही येणार नाही.

मिंटप्रेमी
@घाटमाथा, त्यांना ओळखीचं दिसणारंच हवंय. ग्नोमची आवृत्ती बदलली की एक्स्टेन्शन रुसतात. सोमवारी काम देणाऱ्या माणसाला हा सल्ला नको.

निवांत
वायरलेस माऊस घ्या ना. नाहीतर आल्ट-टॅब आहेच.

अनुवादिनी
माऊसने मनगट दुखतं, म्हणून तर टचपॅड. मिंट भाच्याने घालून दिलं, हलकं आहे म्हणाला. रॅम ८ जीबी. सिस्टिम माहितीत डेस्कटॉपपुढे एक्सएफसीई लिहिलंय. त्याने काय फरक पडतो?

सातारकर
सगळा फरक तिथेच आहे. एक्सएफसीईत जेश्चरची, म्हणजे तीन-चार बोटांच्या हालचालींची, सोयच नाही, सेटिंग्जमध्ये सापडणार कुठून? सिनॅमनमध्ये ती मिंट २१.२ पासून (२०२३) आली. ८ जीबीला सिनॅमन अजिबात जड नाही.

प्लाझ्मावाला
सिनॅमनचं जेश्चर टचएग नावाच्या प्रोग्रॅमवर चालतं. बोटं पुरेशी सरकली की मग डेस्कटॉप उडी मारतो. केडीईचा प्लाझ्मा ६ हा डेस्कटॉप वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा) वापरून बघा: बोटांबरोबर डेस्कटॉप सरकतो, मध्येच थांबलात तर अर्धी पीडीएफ इकडे, अर्धा अनुवाद तिकडे दिसतो. पट्टी आणि मेनू विंडोजसारखेच. त्यासाठी फेडोरा केडीई हे लिनक्स टाका. फक्त सेटिंग्जमध्ये दुसरा व्हर्च्युअल डेस्कटॉप आधी जोडा. एकच असला तर बोटं फिरवून काहीच होत नाही आणि लोक टचपॅडला दोष देतात.

मिंटप्रेमी
चांगलं आहे, पण कुठल्या बोटांना काय काम हे माझ्या प्लाझ्मात बदलता येत नाही. सिनॅमनमध्ये प्रत्येक हालचालीपुढे यादी आहे, हवं ते निवडा.

प्लाझ्मावाला
बदलायची गरज कुणाला पडते? हाताला लागणारी सहजता महत्त्वाची.

लेखणी
प्लाझ्मा घेतलंत तर मराठी टायपिंगसाठी एफसीआयटीएक्स ५ हा प्रोग्रॅम टाका आणि कीबोर्ड सेटिंग्जमधल्या व्हर्च्युअल कीबोर्डमध्ये तेच निवडा. नाहीतर काही ठिकाणी मराठी उमटत नाही. तुम्ही इनस्क्रिप्ट की फोनेटिक?

अनुवादिनी
इनस्क्रिप्ट, आणि ते नीट चालू आहे. कृपया टचपॅडवर या. सिनॅमनसाठी सगळं पुसून पुन्हा घालावं लागेल का?

सातारकर
नाही. सिनॅप्टिक या प्रोग्रॅम घालायच्या साधनात मिंट-मेटा-सिनॅमन (mint-meta-cinnamon) शोधून इन्स्टॉल करा, लॉगआउट व्हा, लॉगिनच्या पडद्यावर सत्र सिनॅमन निवडा. फाइली जागच्या जागी राहतील. मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये जेश्चर्स उघडून वरचं बटण चालू करा, ते मुळात बंद असतं. प्लाझ्मा सोमवारनंतर लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून चालवून, बघा, काहीही न पुसता.

अनुवादिनी
चाललं! तीन बोटं डावी-उजवी, दोन्ही. यूएसबीवरून प्लाझ्माही बघेन, पण काम दिल्यावर.

निवांत
माझ्या जुन्या लॅपटॉपचं वायफाय मिंटमध्ये दिसत नाही, कुणी सांगेल का?

सातारकर
वेगळा धागा काढा, आणि वायफाय कार्ड कुठलं ते पहिल्याच ओळीत लिहा.