क्लावे न शिकता साल्साचा बेस वाजवावा का?

खर्जवेडा:
बेस गिटारवर साल्सा शिकणाऱ्याला आधी तुंबाओ, म्हणजे बेसचा ठरलेला फिरता ठेका, देतात. चार मात्रांच्या आठ अर्ध्या मात्रा मोजायच्या; चौथीवर एक सूर, सातवीवर दुसरा. सातवीवरचा सूर बहुतेकदा पुढच्या कॉर्डचा असतो आणि पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरून वाहत जातो, त्यामुळे समेवर बेसचा ठोका नाहीच. एवढं जमलं की बहुतेक जण थांबतात. क्लावे, म्हणजे एका आवर्तनात तीन आणि दुसऱ्यात दोन ठोके असलेला साल्साचा आधाराचा ठेका, हे दोन लाकडी दांड्या वाजवणाऱ्याचं काम, असं धरून चालतात. माझं मत ठाम आहे: हाताने क्लावेची टाळी आणि तोंडाने बेस एकदम जमेपर्यंत गिटार उचलू नये.

चारतारी:
अजिबात पटलं नाही. क्लावेची तीन ठोक्यांची बाजू असो की दोन, साधा तुंबाओ दोन्हीकडे तोच राहतो. मग सक्ती कशाला? नवशिक्याची अडचण निराळी आहे. आपले कान तिहाई समेवर येताना ऐकत वाढलेत, म्हणून पाय पहिल्या मात्रेवर पडला की बोटही तिथेच पडतं. त्याला समेवर गप्प बसायला शिकवा, कोंगाच्या (हाताने वाजवायच्या उभ्या ढोलाच्या) रेकॉर्डिंगसोबत रोज वाजवायला लावा. नुसत्या टाळ्या वाजवायला लावलीत तर मुलं शिकणं सोडून देतील.

खर्जवेडा:
तुंबाओ बदलत नाही, म्हणूनच क्लावे कानात हवी. तीनच्या बाजूचे ठोके पहिल्या, चौथ्या आणि सातव्या अर्ध्या मात्रेवर. त्यातला पहिला काढा, उरलं ते तुंबाओच! दोनच्या बाजूचे ठोके तिसऱ्या आणि पाचव्या अर्ध्या मात्रेवर. तिथे बेस आणि क्लावे एकमेकांना भेटतच नाहीत. एका आवर्तनात गळाभेट, दुसऱ्यात अंतर, यावरच ती लय झुलते. हे ज्याला ऐकू येत नाही तो पहिल्याच फिलला, म्हणजे मधल्या भरावाच्या तुकड्याला, उलट्या बाजूवर जातो. क्यूबन वादक त्याला क्रुसादो म्हणतात, आणि मग पियानोचं मोंतुनो (पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) एकीकडे, बेस दुसरीकडे.

कोंगावाली:
माझ्या बाजूने सांगते. सातव्या अर्ध्या मात्रेवर माझी मोकळी थाप पडते. बेस तिथे नेमका आला तर नाचणाऱ्यांना आपोआप कळतं, जरा मागे राहिला तर सगळा बँड जड होतो. मला क्लावेच्या ज्ञानाआधी बेसवाल्याकडून हे हवं असतं. आणि ‘समेवर गप्प’ हाही सरसकट नियम नव्हे. बोलेरोत, म्हणजे संथ क्यूबन गाण्यात, बेस पहिल्या मात्रेवर येऊन दोन मात्रा थांबतो, मग तिसरी आणि चौथी वाजवतो.
अजून एक, सूर लांबवू नका. अँपेग कंपनीचा बेबी बेस (विजेवरचा उभा बेस) 1962 मध्ये आला आणि साल्सावाल्यांनी उचलला, कारण त्याचा आवाज धप्पकन येतो आणि लगेच विरतो. साध्या बेस गिटारवर तळहात ब्रिजजवळ (तारा टेकतात त्या पट्टीजवळ) टेकवून अंगठ्याने वाजवलंत तर त्याच्या जवळ जाता येतं.

चारतारी:
थापेचं अगदी मान्य. पण मग 1978 चा ‘सिएम्ब्रा’ हा साल्साचा अल्बम ऐका. त्यात बेसवर साल क्वेवास आहे आणि पहिलं गाणं सुरू होतं ते चक्क डिस्कोच्या ढंगात. न्यूयॉर्कच्या साल्सात डिस्को, फंक असं बाहेरचं संगीत आलंच ना? क्लावेच्या चौकटीतच राहायचं म्हटलं असतं तर ते झालं असतं का?

खर्जवेडा:
तिथे डिस्को मुद्दाम तोडून साल्सा आत येतो. कुठे तोडायचं हे माहीत असल्याशिवाय ते साधत नाही. हुआन फोर्मेलने 1969 मध्ये लोस वान वान हा क्यूबन बँड काढून सोंगो ही नवी लय उभी केली, त्यातही बेस तुंबाओपासून बराच मोकळा झाला, पण क्लावेच्या भानावरच.

सुर्दो:
दोघंही ‘लॅटिन’ संगीताच्या नावाखाली फक्त क्यूबाबद्दल बोलताय. ब्राझीलच्या सांबाच्या दोन मात्रांपैकी दुसरीवर मोठा सुर्दो (खर्जातला ढोल) पडतो आणि बेसचं वजनही तिथेच हवं. त्यावर क्यूबन क्लावेची पट्टी लावली की सांबा मरतो. सांबातूनच आलेला बोसा नोव्हा शिकणाऱ्याला क्लावेच्या टाळ्या वाजवायला लावणं चूकच.

खर्जवेडा:
सांबापुरतं मान्य, तिथे सुर्दोच ऐकायचा. पण साल्सा आणि सोन (साल्साच्या मुळाशी असलेला क्यूबन प्रकार) यांच्यापुरता माझा आग्रह कायम. चारतारी, एक करून पाहा. क्यूबन बेसवादक काचाओच्या 1957 च्या देस्कार्गांपैकी (उत्स्फूर्त जॅम सेशनच्या ध्वनिमुद्रणांपैकी) कुठलीही मधूनच लावा आणि तुमच्या विद्यार्थ्याला विचारा, आत्ता तीनची बाजू चालू आहे की दोनची?

चारतारी:
विचारतो. पण तो तुंबाओवर महिनाभर घट्ट बसल्यानंतर, आधी नाही.