लाइव्ह कॅमेऱ्यासमोरची मैत्री: कला की विश्वासघात?

दादरवाली:
माझी कॉलेजपासूनची मैत्रीण परफॉर्मन्स करते, म्हणजे स्वतःची कृतीच कला म्हणून लोकांसमोर मांडते. गेल्या रविवारी माहीमच्या एका खोलीत सहा तास बसून तिने फेसबुकच्या यादीतल्या एकेकाला फोन लावला. प्रश्न एकच, "आपण शेवटचं मनापासून कधी बोललो?" सगळं लाइव्ह. फोन आला तेव्हा मी स्वयंपाक करत होते. "लाइव्ह आहे" असं तिने सुरुवातीला सांगितलं होतं म्हणे, मला कुकरच्या शिट्टीत ऐकू आलं नाही. तिचा आवाज ऐकून भरून आलं आणि आईचं सगळं करताना कधीकधी आईचाच राग येतो, हे मी बोलून गेले. सात मिनिटं. रात्री मावशीचा फोन आला तेव्हा कळलं की तिनेही ऐकलं. दोघींतली गोष्ट एकीने परस्पर चव्हाट्यावर मांडली, तर मी त्याला विश्वासघातच म्हणेन.

जेजेकर:
तुमचं दुःख समजतं, पण दोष माध्यमाला देऊ नका. 2010 साली न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयात परफॉर्मन्स कलाकार मरीना अब्रामोविच 700 तासांहून जास्त खुर्चीवर गप्प बसली. समोर येईल त्याच्या डोळ्यांत पाहायचं, एवढंच. संग्रहालयाच्या वेबसाइटवर ते थेट दिसायचं. उद्घाटनाच्या दिवशी तिचा पूर्वीचा जोडीदार आणि सहकलाकार उलाय समोर येऊन बसला. 1988 मध्ये चीनच्या भिंतीच्या दोन टोकांकडून चालत येऊन, मध्ये भेटून दोघांनी एकमेकांचा निरोप घेतला होता. तिने स्वतःचाच नियम मोडून टेबलावरून हात पुढे केले. असंख्य लोकांनी पाहिला म्हणून तो क्षण खोटा होत नाही.

दादरवाली:
उलायला कॅमेरा आहे हे माहीत होतं. मला नव्हतं.

गिरगावकर:
मी चाळीत वाढलो. गॅलरीतून जाणाऱ्याला घरातलं भांडणसुद्धा ऐकू यायचं. पण ज्याने ऐकलं तोच सकाळी नळावर भेटायचा आणि मान खाली घालायचा, किंवा आई आजारी असली तर डबा आणून द्यायचा. त्यांच्याही घरातलं आम्हाला ठाऊक असायचं. लाइव्हमध्ये बघणारा तुम्हाला दिसतच नाही, त्याचं काहीच पणाला लागलेलं नसतं. माझा आक्षेप तिथे आहे.

पार्लेकरीण:
दादा, चाळीचं इतकं गोड चित्र मला पटत नाही. त्याच गॅलरीतून मुलगी कुणासोबत आली, किती वाजता आली, याचा हिशेब ठेवला जायचा. माझ्या आत्याने त्यापायी शिक्षण सोडलं. मला स्वतःला पहिल्यांदा मोकळं बोलता आलं ते नेटवरच्या अनोळखी माणसांशी. म्हणून असे प्रयोग व्हायलाच हवेत. आपल्या यादीत हजार नावं असतात, त्यांतलं कोण आपलं, हा प्रश्न कुणीतरी जाहीरपणे विचारायला हवाच ना?

गिरगावकर:
आत्याचं वाचून वाईट वाटलं. ते चूकच होतं, आणि आमच्याही मजल्यावर घडलं आहे. पण हाच प्रश्न वेगळ्या रीतीनेही विचारता येतो. अमेरिकेतली छायाचित्रकार तान्या हॉलंडर हिने 2011 पासून आपल्या 600 हून जास्त फेसबुक-मित्रांची त्यांच्या घरी जाऊन छायाचित्रं काढायला घेतली. प्रवास केला, दार वाजवलं, त्यांच्या घरात बसली. फोटो काढतेय हे प्रत्येकाला दिसत होतं. किती वर्षं घालवली तिने त्यात!

जेजेकर:
तेही थोर काम आहे. पण ठरवून काढलेल्या फोटोत माणूस सावरून बसतो. लाइव्हमध्ये त्याला सावरायला वेळ मिळत नाही, आणि तिथेच काहीतरी खरं हाती लागतं. मात्र संमती नीट ऐकून घ्यायला हवी होती, दोनदा विचारायला हवं होतं, हे मान्य करतो. रेकॉर्डिंग अजून नेटवर आहे का?

दादरवाली:
आहे. माझी सात मिनिटं काढून टाक म्हटलं, तर ती म्हणते प्रयोग अपुरा होईल. काल मी तिला सुचवलं, आवाज पूर्ण बंद कर, पडदा काळा ठेव, फक्त वरचं घड्याळ सात मिनिटं चालू दे. तिने मेसेज वाचलाय. उत्तर अजून आलेलं नाही.