शेती संरक्षणाची बंदूक बंद घरात कशी सांभाळावी?

वेंगुर्लेकर_ठाणे
नमस्कार. माझे वडील सिंधुदुर्गात गावी एकटेच राहतात. त्यांच्याकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची सिंगल बॅरल बंदूक आहे. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी ते दोन महिने ठाण्याला माझ्याकडे येणार असून तेवढा काळ घराला कुलूप राहील. रानडुकरे कधीही शेतात उतरतात, म्हणून बंदूक वर्षानुवर्षे माजघरात खुंटीला टांगलेली असते आणि काडतुसे तिच्याच खाली पेटीत. गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीतल्या एका बंद घरातून बंदूक चोरीस गेली. मालक गणपतीला आल्यावर ते लक्षात आले आणि ती नेमकी केव्हा गेली, हे कोणालाच सांगता आले नाही. बंदूक कपाटात बंद करून ठेवावी, की शेजारच्या काकांकडे द्यावी?

निवृत्त_कारकून
शेजाऱ्यांकडे कृपया देऊ नका. ते कितीही विश्वासातले असले, तरी परवाना वडिलांच्या नावावर आहे. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे, त्यामुळे उपकार करणारा माणूसच अडचणीत येईल. मी शस्त्र परवान्यांचे काम अनेक वर्षे केले आहे. माझ्या मते दोन महिन्यांसाठी बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करणे, हाच खरा मार्ग आहे. निवडणुकीच्या वेळी बंदूक जमा करण्याची आपल्याकडच्या लोकांना सवय आहेच. पावती घेताना मात्र घाई करू नका. नळीवरचा क्रमांक, परवान्यावरचा क्रमांक आणि पावतीवरचा क्रमांक एकच आहे ना, हे स्वतः वाचून पाहा आणि काडतुसांची संख्याही लिहून घ्या. परवान्याची मुदतही तपासा, कारण २०१९ च्या दुरुस्तीने ती तीनऐवजी पाच वर्षांची झाल्यापासून नूतनीकरणाची तारीख विसरणारे मी बरेच पाहिले आहेत.

राजापूरचा_बागायतदार
वडील परत आल्यावरचाही विचार करावा, असे मला मनापासून वाटते. खुंटीवरची बंदूक विजेचे काम करायला आलेल्या मुलापासून काजू विकत घ्यायला आलेल्या माणसापर्यंत सगळ्यांना दिसते, आणि घरात बंदूक आहे व ती कुठे आहे, हे माहीत असलेल्या माणसाला शोधाशोध करावी लागत नाही. मी माझी बंदूक भिंतीला बोल्टने पक्क्या केलेल्या लोखंडी कपाटात ठेवतो. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून नळी दस्त्यापासून सोडवतो, दोन्ही भागांना तेल लावतो आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत वेगळ्या कुलपात ठेवतो. रात्री डुकरे आली की जोडायला थोडा वेळ जातो, पण तेवढा वेळ मला मान्य आहे. किल्ली तुळशीमागे किंवा चौकटीवर ठेवू नये. ती जागा चोरालाही ठाऊक असते.

वकील_रत्नागिरी
वरील सूचनेला एक जोड देतो. नळी वेगळी केली म्हणून ती दुसऱ्याच्या घरी ठेवता येते, असा समज करून घेऊ नये, कारण कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. चोरी झालीच, तर लक्षात आल्याबरोबर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवणे ही परवान्याचीच अट आहे. घरी आधी चार दिवस शोधून पाहू, असे म्हणणारे अशील माझ्याकडे येतात, पण पुढे ती बंदूक एखाद्या गुन्ह्यात सापडली, तर त्याच चार दिवसांचा खुलासा द्यावा लागतो. आपण ठाणे शहरात असताना गावाकडून चोरीचा निरोप आला, तरी थांबू नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घटना कुठेही घडली असली, तरी फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. त्यासाठी परवान्याची प्रत आणि बंदुकीच्या क्रमांकाचा फोटो आपल्या फोनमध्ये असू द्या.

वेंगुर्लेकर_ठाणे
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री वडिलांना फोन करून क्रमांक वाचायला सांगितला. गंजामुळे शेवटचा आकडा तीन आहे की आठ, हे त्यांना दिसेना. रॉकेलच्या फडक्याने पुसून बॅटरीच्या उजेडात पाहिल्यावर तो आठ निघाला आणि परवान्याशी जुळला. काडतुसे नऊ भरली. शनिवारी मी स्वतः गावी जात आहे. सोमवारी दोघे मिळून पोलीस ठाण्यात बंदूक जमा करू आणि मगच ठाण्याची गाडी पकडू.